न मारलेल्या उड्या

ज्यांच्या पायांना मुंग्या येताहेत आणि त्यामागचं कारण आपल्याला पक्कं माहीत आहे असं ज्यांना वाटतंय, त्यांच्यासाठी मी हे लिहितेय. मलाही माहीत होतं. इतकं पक्कं माहीत होतं की चार दिवस मी डॉक्टरांकडे फिरकले नाही, आणि शेवटी उचलून नेलं तेव्हा त्यांनाच समजावून सांगत बसले.

आधी माझ्याबद्दल. मी मूळची सांगलीची, वय चव्वेचाळीस, लग्न केलेलं नाही. बँकेत नोकरी. पाच वर्षांपूर्वी बदली होऊन लखनौला आले. शाखा आलमबागला, राहणं विकास नगरमध्ये, शुक्ला आंटींच्या घरी वरच्या मजल्यावर. आंटी शाळेतून निवृत्त झालेल्या, त्याही एकट्याच, तळमजल्यावर. त्यांचे गुडघे कामातून गेलेले. मी राहायला आले तेव्हापासून त्या स्वतःच्याच घराचा जिना कधी चढल्या नव्हत्या.

स्वभावाने मी तिरसट आहे. हे मीच सांगून टाकते, म्हणजे लोकांचे कष्ट वाचतील. आल्या आल्या मी आंटींशी चावीवरून भांडले होते. वरच्या दाराची एक चावी त्यांना स्वतःकडे ठेवायची होती. मी म्हटलं, भाडेकरूच्या घराची चावी घरमालकिणीकडे कशाला? त्या म्हणाल्या, "बिटिया, चाबी रखने दो, मैं कौन सा ऊपर आने वाली हूँ." तेव्हा मला ते पटलं होतं.

उतार

सांगलीत बर्फ म्हणजे गाडीवरचा गोळा. लखनौच्या पहिल्याच हिवाळ्यात शाखेतल्या चौघीजणींबरोबर मी उत्तराखंडातल्या औलीला गेले. त्या फोटो काढून चहाला गेल्या आणि मी भाड्याच्या स्की पायाला बांधून दिवसभर पडत राहिले. इतकी पडले की संध्याकाळी बसता येईना. पण मला ते फार आवडलं. तिथे पडलेल्या माणसाभोवती कुणी गोळा होत नव्हतं, जो तो आपला आपण उठत होता. मला वाटलं, हे आपल्याला जमेल. आपला आपण उठण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

मग दर हिवाळ्यात जात राहिले. यंदा फेब्रुवारीत तयार उतार सोडून उभ्या डोंगरातलं स्कीइंग शिकायला गेले. तिथे वर न्यायला दोरावरचा पाळणा नसतो. स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवायची, ती मागे घसरू देत नाही, आणि तासन्‌तास आपल्या पायांनी चढायचं. आमच्यातल्या एका मुलीकडे स्प्लिटबोर्ड होता, चढताना त्याच्या दोन फळ्या होतात आणि उतरताना जोडून एक. वर गेल्यावर पट्ट्या काढायच्या आणि उभ्या घळीतून खाली यायचं. घळ अरुंद असते, तिथे ऐसपैस वळायला जागा नसते. म्हणून दोन्ही पाय एकदम उचलून, हवेतच स्की फिरवून, उलट्या दिशेला तोंड करून उतरायचं. म्हणजे प्रत्येक वळण ही एक उडी असते.

त्या उडीसाठी मी ऑक्टोबरपासून तयारी करत होते. रोज सकाळी साडेसहाला, विकास नगरात, पलंग आणि कपाट यांच्यामधल्या जागेत चाळीस उड्या, दोन्ही पायांनी. खाली आंटींचं डोकं होतं. त्यांनी एकदाही तक्रार केली नाही. त्यांना ऐकू कमी येत असावं अशी मी समजूत करून घेतली.

शिकवायला गढवाली उस्ताद होते, पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांचा एक नेम होता. प्रत्येकाच्या छातीला मोबाईलएवढं एक यंत्र बांधलेलं असतं, बीकन. ते सतत खूण पाठवत राहतं. हिमकडा कोसळून कुणी गाडलं गेलं तर बाकीचे आपापलं बीकन शोधण्यावर लावतात आणि त्याच्या खुणेवरून त्याला हुडकतात. रोज सकाळी निघताना उस्ताद वाटेवर उभे राहायचे आणि आम्ही एकेकाने त्यांच्यासमोरून जायचं. त्यांच्या हातातलं यंत्र वाजलं की ते मान हलवायचे, मग पुढचा.

शेवटच्या दिवशी मी पुढे गेले आणि काहीच वाजलं नाही. आदल्या दिवशी आम्ही हुडकण्याचा सराव केला होता. त्यानंतर माझं बीकन मी शोधण्यावरच ठेवून दिलं होतं. उस्तादांनी माझ्या जॅकेटची चेन उघडायला सांगितली, बघितलं, आणि शांतपणे म्हणाले, "मैडम, आप तो सबको ढूँढ लेंगी. आपको कौन ढूँढेगा?"

सगळ्यांसमोर बोलले म्हणून मला राग आला. दिवसभर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. पण त्याच दिवशी घळीत मी तीन उड्या मारल्या. ओळीने तीन, न पडता. खाली आल्यावर सांगायला फोन काढला आणि कुणाला सांगावं ते सुचेना, म्हणून परत खिशात टाकला.

मुंग्या

येताना बसच्या एका थांब्यावर छोले खाल्ले आणि पोट बिघडलं. तीन दिवसांत बरं झालं, मी विसरूनही गेले. दहाएक दिवसांनी पायांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या.

आता स्की शिकणाऱ्या कुणालाही विचारा. तो बूट म्हणजे प्लास्टिकचा साचा असतो, पाय त्यात आवळून कोंबतात. आठ दिवस ते घातल्यावर अंगठे बधिर होतात आणि महिना-दीड महिना तसेच राहतात. मला मागच्याही वर्षी झालं होतं. त्यामुळे मी निर्धास्त होते. उलट थोडी मिरवतच होते. शाखेत कुणी विचारलं तर "हाँ, बूट का है" असं म्हणायचे, जसं काही मला पदक मिळालंय.

दुसऱ्या दिवशी मुंग्या घोट्यापर्यंत आल्या. बूट घोट्यालाही आवळतो, म्हटलं बरोबरच आहे. उड्या बंद केल्या, पायांना जरा विश्रांती. तिसऱ्या दिवशी मुंशी पुलियाच्या मेट्रो स्टेशनवर सरकत्या जिन्यावर पाय टाकायला गेले, तर पाऊल उचललंच जाईना, नुसतं फटकन आपटलं. मागची बाई म्हणाली, "संभल के, बहनजी." मी तिच्याकडे असं बघितलं की ती बिचारी दुसऱ्या बाजूला गेली. त्या दिवशी कठड्याला धरून चढले. हातांच्या बोटांनाही मुंग्या यायला लागल्या होत्या, आणि हातात तर मी बूट घालत नव्हते. हे माझ्या लक्षात आलं होतं, अगदी स्वच्छ आलं होतं. मी त्याकडे काणाडोळा केला.

त्या संध्याकाळी खालून आंटींचा फोन आला. त्या कधी उगाच फोन करत नसत. "बिटिया, ठीक हो?"

"एकदम ठीक, आंटी. क्यों?"

"नहीं, ऐसे ही."

रविवारच्या फोनवर दादालाही तेच सांगितलं होतं. दादा माझा मोठा भाऊ, सांगलीत त्याचं स्टेशनरीचं दुकान आहे. त्याला मी दर रविवारी "मजेत" एवढंच सांगते. त्यालाही तेवढंच ऐकायची सवय झालीय.

फरशी

चौथ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरले आणि खाली बसले. पडले नाही, पाय नुसते मिटले. उठायला गेले तर कळलं की उठायला काही उरलेलंच नाही. पाय दिसत होते, माझेच होते, पण मी सांगितलेलं त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं.

आता जे सांगते ते सांगायला लाज वाटते, आणि खरं तर त्यासाठीच हे लिहितेय. माझ्याकडे फोन होता. चार्जरची वायर ओढून मी तो टेबलावरून खाली घेतला. शाखेतल्या एकीला फोन करून नेहमीच्या आवाजात सांगितलं की बरं वाटत नाही, आज रजा. तिकडून "टेक केअर मैडम" आलं. त्यानंतर अडीच तास मी फरशीवर पडून होते आणि कुणालाही फोन केला नाही.

फोनमधली नावं वरपासून खालपर्यंत बघितली. गॅसवाला, प्लंबर, खातेदार, रिजनल ऑफिस, शाळेतल्या मैत्रिणी ज्यांना मी तीन वर्षांत फोन केला नव्हता. दादाच्या नावावर दोनदा अंगठा ठेवला. वाटलं, तो दोन दिवसांच्या अंतरावर, त्याला घाबरवून काय करायचं? आंटींच्या नावाशी आले. वाटलं, त्या कुठे वर चढणार? प्रत्येकासाठी माझ्याकडे एकेक कारण तयार होतं. कारणं काढण्यात मी हुशार आहे. मग फोन उपडा ठेवला आणि पंख्याकडे बघत पडले. मला फार एकटं वाटलं. त्याआधी पाच वर्षं मी त्याला मोकळेपणा म्हणत होते.

आठ वाजून गेल्यावर जिन्यात काहीतरी घासल्यासारखा आवाज येऊ लागला. थांबायचा, परत यायचा. बराच वेळ चाललं होतं. मग दारात चावी फिरली.

आंटी उंबऱ्याशी बसलेल्या होत्या, उभ्या नव्हत्या. साडीला मागून धूळ लागलेली, चेहरा घामाने भिजलेला. माझ्याकडे बघून त्यांनी एवढंच म्हटलं, "उठना मत." मग पदराच्या गाठीतून फोन काढून भाच्याला लावला आणि गाडी घेऊन यायला सांगितलं.

मला वाटलं, मी पडल्याचा आवाज त्यांनी ऐकला असेल.

हातोडी

डॉक्टर तरुण होते. मी त्यांना स्की बुटांविषयी पाच मिनिटं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या पायावर मारली, तोही नाही. मी म्हटलं, "आपने ठीक से मारा नहीं."

त्यांनी हातोडी माझ्याच हातात दिली. "आप मार लीजिए."

मी मारली. नेम बरोबर लागला. पाय तसाच. मी हातोडी त्यांना परत दिली.

जीबीएस, म्हणजे गिया-बारे सिंड्रोम. पोटातल्या जंतूशी लढता लढता शरीर आपल्याच नसांवर उलटतं. पायांपासून सुरू होऊन वर चढतं. डॉक्टर म्हणाले, बहुतेक लोक बरे होतात, वेळ लागतो, पण चार दिवस आधी आला असतात तर बरं झालं असतं. "पेट खराब हुआ था क्या?" हा प्रश्न त्यांनी विचारला तेव्हा मला छोले आठवले. तोपर्यंत आठवले नव्हते.

एका श्वासात

अतिदक्षता विभागात सगळ्यांना एकच धास्ती होती, ते छातीपर्यंत चढू नये. श्वासाचे स्नायू गेले तर मशीन लावावं लागतं. ते कसं चाललंय हे बघायची पद्धत अगदी साधी आहे. सिस्टर दर काही तासांनी येऊन म्हणायच्या, "लंबी साँस लीजिए और एक साँस में गिनती बोलिए."

मी मराठीत मोजायचे. एक, दोन, तीन. ठरवून नाही, तोंडातून तेच यायचं. दिवसभरात मी तेवढंच मराठी बोलत होते, ऐकायला दुसरं कुणी नव्हतंच.

पहिल्या संध्याकाळी सव्वीसपर्यंत गेले. दुसऱ्या सकाळी एकोणीस. दुपारी चौदा. चौदाला श्वास संपला तेव्हा सिस्टरांनी कागदावर लिहिलं आणि त्या डॉक्टरांना बोलवायला गेल्या. संध्याकाळी बारा. मशीन पलंगाशेजारी आणून ठेवलं होतं, वर हिरवं कापड झाकलेलं. मी त्या कापडाकडे बघत राहायचे. आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते. घळीच्या तोंडाशी उभी होते तेव्हाही नाही, कारण तिथे मागे फिरायची सोय होती.

औषध सलाईनमधून पाच दिवस चाललं. तिसऱ्या सकाळी परत बारा. सिस्टर म्हणाल्या, "कल भी यहीं रुकी थीं." म्हणजे कमी झालं नव्हतं. त्यांनी पेला धरून नळीने दोन घोट पाणी पाजलं आणि म्हणाल्या, "एक बार और." मी परत श्वास घेतला. दहा, अकरा, बारा. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, त्यांचेही ओठ हलत होते. तेरा.

त्यांनी कागदावर लिहिलं आणि मशीनवरचं कापड जरा नीट केलं. त्या दिवसापासून आकडा खाली गेला नाही.

दादा

दादा तिसऱ्या संध्याकाळी पोचला. आंटींनी माझ्या फोनमधून त्याचा नंबर काढून त्याला कळवलं होतं. सांगली ते पुणे, पुणे ते लखनौ, दीड दिवस बसून आला होता. दारातून मला बघितलं आणि परत बाहेर गेला. पाच मिनिटांनी तोंड धुऊन आला आणि म्हणाला, "काय गं वैजू, मजेत ना?"

तो पंधरा दिवस राहिला. मला भरवलं, कूस बदलून दिली, भांडं दिलं आणि नेलं. बहिणीला जे भावाकडून करून घ्यायला लाज वाटते ते सगळं त्याने केलं, दुकानात वह्या मोजतात तितक्या निर्विकारपणे. संध्याकाळी विकास नगरला जाऊन आंटींशी त्याच्या हिंदीत बोलून यायचा. "हमारी बहीण हट्टी है, लेकिन दिल से बहुत अच्छी है," असं त्याने त्यांना सांगितल्याचं मला नंतर कळलं.

घरी आणल्यावर आमचं वाजलं. तो म्हणाला, "सांगलीला चल. आईची खोली रिकामीच आहे. बदलीचा अर्ज टाक."

"तिथे येऊन काय करू? आईच्या खाटेवर पडून राहू?"

"इथे काय करणार आहेस? कोण आहे तुझं इथे?"

"मला कुणाची गरज नाही," मी म्हटलं.

पंधरा दिवस ज्याने माझं मलमूत्र काढलं त्याला मी हे म्हटलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तो असा. तो मोसंबं सोलत होता, सोलतच राहिला. सगळे धागे नीट काढून एकेक फोड त्याने माझ्या तोंडात घातली आणि मी ती खाल्ली. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या स्की, बूट, सगळं जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकलं. कोपऱ्यात उभी केलेली स्कीची एक काठी तेवढी राहून गेली. निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "रविवारी फोन कर. आणि खरं काय ते सांगत जा."

तो गेल्यावर मी खूप रडले. अश्रू पुसायला हात वर नेणं हेच मोठं काम होतं, त्यामुळे ते तसेच कानात गेले.

एकोणीस पायऱ्या

बरं होणं किती कंटाळवाणं असतं हे कुणी सांगत नाही. सकाळी कुसुम यायची, अंघोळ घालून स्वयंपाक करून जायची. दुपारी फिजिओवाली यायची. "अँगूठा ऊपर. कोशिश कीजिए. और." तासभर अंगठा वर करायचा प्रयत्न करायचा, अंगठा आपला तिथेच. अकराव्या दिवशी तो हलला. मी कुसुमला हाक मारली, पण ती निघून गेली होती. मग मी तो एकटीनेच आणखी चार वेळा हलवून बघितला.

बाकी दिवसभर घरात मी आणि कूलर. वॉकर धरून पलंगापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून पलंगापर्यंत. खाली आंटी, वर मी. त्यांना वर येता येईना, मला खाली जाता येईना. कुसुमच्या हातून त्या रोज वाटीत काहीतरी पाठवायच्या, कधी कढी, कधी लौकीची सब्जी. मी रिकामी वाटी धुऊन परत पाठवायचे. आमचं बोलणं म्हणजे एवढंच. फोन करून नीट आभार मानावेत असं रोज मनात यायचं, आणि रोज राहून जायचं.

मेच्या शेवटी मी ठरवलं, खाली जायचं. फिजिओवाली म्हणाली, अजून पंधरा दिवस थांबा. मी तिला हो म्हटलं आणि ती गेल्यावर जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले. उभ्या उतारावर उड्या जमत नसतील तर आडवं घसरत, इंच इंच खाली यायचं, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. तशी बसून, एकेका पायरीवरून अंग खाली सोडत निघाले. एकोणीस पायऱ्या. मध्ये तीनदा थांबले. गाऊनला मागून सगळी धूळ लागली, आणि ती धूळ झटकताना मला आंटींची साडी आठवली. त्या याच जिन्याने बसून वर आल्या होत्या. खाली येणं एक वेळ सोपं. त्या वर आल्या होत्या.

आंटी दिवाणावर पाय लांब करून बसलेल्या होत्या. मला भिंतीला धरून आत येताना बघून त्या उठल्या नाहीत. मागच्या खोलीत चालायच्या काठ्या दिसत होत्या, पूर्वी एक असायची, आता दोन होत्या.

"आंटी, उस दिन आपके घुटने..."

"सूज गए थे. दस-बारह दिन लेटी रही. तुम्हारे भैया ने नहीं बताया? मैंने ही मना किया था."

मी बसले. तीन महिने मनात होतं ते विचारलं. "आपने मेरे गिरने की आवाज़ सुनी थी?"

"गिरना तो मैंने सुना ही नहीं," त्या म्हणाल्या. "मैंने तो न कूदना सुना."

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. ऑक्टोबरपासून रोज साडेसहाला त्या चहा घेऊन याच दिवाणावर बसायच्या आणि वरच्या चाळीस उड्या मोजायच्या. पहिल्या आठवड्यात वैताग आला होता, मग सवय लागली. चाळीस झाल्या की त्यांचाही चहा संपायचा. मी बर्फात गेले तेव्हा त्यांना सकाळ सुनी वाटायची. मी परतले, उड्या परत सुरू झाल्या. आणि मग एक दिवस झाल्या नाहीत.

"पहले दिन सोचा, थकी होगी. दूसरे दिन फ़ोन किया."

"मैंने कहा था, ठीक हूँ."

"हाँ. तीसरे दिन भी कुछ नहीं. तब सोचा, फ़ोन पर तो तुम ठीक ही रहती हो. अब चढ़ना पड़ेगा." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "साढ़े छह से बैठी थी कि शायद आज कूदे. आठ बजे तक देखा."

म्हणजे मी वर फरशीवर पडून फोनमधली नावं चाळत होते, तेव्हा बरोबर माझ्या खाली एक बाई छताकडे कान लावून बसली होती. माझ्या यादीतलं तिचं नाव मी बघून पुढे सरकवलं होतं. आणि पाच महिने रोज सकाळी मी तिच्यासमोरून गेल्यासारखं जात होते, रोज वाजत होते, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. उस्तादांचा प्रश्न मला तिथे आठवला. त्यांच्यावरचा राग मात्र आता आठवूनही येईना.

मी आंटींच्या पायाशी सरकले आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. त्या म्हणाल्या, "अरे, दुखता है, ज़रा बाएँ वाले पर रखो."

उडी

त्या दिवसापासून आमचं ठरलं. उडी मारायची ताकद नव्हती, पण कोपऱ्यातली स्कीची काठी होती. रोज साडेसहाला मी ती फरशीवर एकदा आपटायचे. खालून आंटी खिडकीच्या गजावर लाटणं मारायच्या. ठण. बस, एवढंच. मग दोघी आपापल्या कामाला.

हे ज्यांच्यासाठी लिहितेय त्यांना दोनच गोष्टी सांगते. मुंग्या वर चढत असतील तर आपलं कारण गुंडाळून ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. आणि कुणी "ठीक हो?" विचारलं तर खरं उत्तर द्या. दादाला मी आता दर रविवारी खरं सांगते. तो कंटाळतो. परवा म्हणाला, "अगं, एवढं नको, थोडक्यात सांग." शाखेतही जायला लागलेय. माळ्यावरची चादर अजून सोडलेली नाही. डॉक्टर म्हणतात, पुढच्या हिवाळ्यात सपाटीवर बघू. घळीचं त्यांना विचारलं नाही, आणि उत्तर मला माहीत आहे असंही आता म्हणत नाही.

दशहरी आंबे संपून बाजारात चौसा आला, त्या आठवड्यात एका सकाळी मी काठी हातात घेतली आणि परत कोपऱ्यात ठेवली. पलंग आणि कपाट यांच्यामध्ये उभी राहिले. कपाटाचं हँडल हाताशी येईल इतक्या अंतरावर. गुडघे वाकवले, श्वास घेतला आणि दोन्ही पाय उचलले. चार बोटं उंच गेले असेन, जास्त नाही. पण उतरले ती उभीच.

खालून गज वाजला नाही. मी वाट बघितली. आपटलं नीट की नाही, ऐकू गेलं की नाही, असं वाटत असतानाच फोन वाजला.

"आज छड़ी नहीं थी," आंटी म्हणाल्या.

"नहीं, आंटी."

"दोनों पाँव थे?"

"हाँ."

पलीकडे कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"बायाँ ज़रा देर से गिरा," त्या म्हणाल्या. "कल फिर सुनूँगी."